‘ये’ आणि ‘बस’

तुमच्या घरात कोणाचे कान गेले असतील तर आधी एक काम करा. ‘काई नाई, मंग सांगतो’ हे बोलणं घरातून काढून टाका. सगळे अर्धा तास पोट धरून हसतात, मी विचारते काय झालं, आणि उत्तर येतं, काई नाई, मंग सांगतो. ते ‘मंग’ कधीच येत नाही. कोणती गोळी घ्यावी, कोणत्या दवाखान्यात जावं हे सांगणारे खूप भेटतील. मी फक्त माझ्यावर काय गुजरलं ते सांगते, आणि हाताची भाषा शिकायला आम्ही इतका उशीर का केला ते.

मी वनिता. मूल तालुक्यात जंगलाला लागून आमचं गाव. नवरा मिलिंद मूलच्या राईस मिलमध्ये मशीनवर आहे. दीर कोरपन्याकडं सिमेंट कंपनीत, पंधरा दिवसांनी घरी येतो. म्हणून घरात रोजची माणसं तीनच: मी, मिलिंद आणि माझी धाकटी जाऊ कुंदा. मला पहिल्यापासून तोंड जरा जास्तच. गल्लीत भांडण लागलं की बाया आधी मला हाक मारायच्या.

पंखा

धानाचे रोवणे चालू होते. दिवसभर चिखलात वाकून आले आणि थंडी वाजायला लागली. आमच्याकडं ताप आला की मलेरियाच समजतात, आम्हीही तेच समजलो. तिसऱ्या दिवशी मान लाकडासारखी झाली. पुढचे सहा दिवस माझ्याजवळ नाहीत. ते मिलिंदकडं आहेत, आणि तो त्याबद्दल बोलत नाही.

जाग आली ती चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात. वर पंखा जोरात फिरत होता आणि त्याचा आवाज येत नव्हता. मी म्हटलं, चांगला पंखा आहे. मग नर्सबाई आल्या, तोंड हलवून गेल्या. मिलिंद आला, त्याचंही तोंड नुसतं हललं. मला वाटलं वॉर्डात हळू बोलायचा नियम असेल. नंतर मात्र राग आला. मी ओरडले, ‘‘काऊन कोणी धड बोलत नाई माह्याशी? मेली का मी?’’ सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. माझं ओरडणं मला ऐकू आलं नव्हतं. 

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं: मेंदूज्वर. जीव वाचला. कानाचं नागपूरला बघू.

दवाखान्याचा दिवस मी डोळ्यांनी शिकले. चहावाला आला म्हणजे सहा. झाडूवाली खाटेखाली वाकली म्हणजे आता मोठे डॉक्टर येणार. पाठीमागून कोणी येऊन दंडाला धरलं की मी किंचाळायची, कारण सुई घेऊन कोण येतंय ते कळायचंच नाही. एका नर्सबाईनं हे ओळखलं. ती आधी समोर येऊन सुई दाखवायची, मग मागं जायची. त्या बाईचं नाव मला माहीत नाही, पण तिचं भलं होवो.

आणि शेजारच्या खाटेवर सिरोंच्याकडची एक म्हातारी होती. तिला तेलुगूशिवाय काही येत नव्हतं. तिला मराठी कळत नव्हती, मला ऐकू येत नव्हतं. अख्ख्या वॉर्डात सगळ्यात जास्त गप्पा आमच्याच. तिनं बोटं दुमडून दुमडून सांगितलं की तिला पाच पोरं, दोन वारली, सुना नालायक. मला सगळं समजलं. तेव्हाच डोकं चालवायला पाहिजे होतं, पण तेव्हा मला कान परत पाहिजे होते, दुसरं काही नको होतं.

नागपूरची काचेची खोली

नागपूरला कान तपासायला काचेच्या खोलीत बसवलं. कानावर दोन डबे लावले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडं एक पोरगी मशीनवर बसली होती. थोड्या वेळात माझ्या लक्षात आलं, आवाज सोडताना तिचा खांदा थोडा हलतो. खांदा हलला की मी बटण दाबायची. बराबर दाबत गेले. ती खूश झाली, मिलिंदकडं बघून हसली. मिलिंदचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आता हे असंच चालू द्यावं.

डॉक्टर आत आले. एक मिनिट बघत उभे राहिले. मग त्यांनी माझी खुर्ची भिंतीकडं फिरवली.

भिंतीकडं तोंड करून मी बटण हातात धरून बसले. बसलेच. एकदाही दाबलं नाही. खुर्ची परत फिरवली तेव्हा मिलिंद डोळे पुसत होता. पोरगी मशीन बंद करत होती. डॉक्टरांनी लिहून दिलं, दोन्ही कान पूर्ण गेले, आत हाड भरून आलंय म्हणून कानात मशीनही बसणार नाही. मी तो कागद चारदा वाचला. त्यात कुठी तरी ‘पण’ असेल म्हणून शोधत होते.

कानासोबत तोलही गेला. चालताना झोक जायचा. गावात परत आले, चौकातून जात होते, तर पानठेल्यावरच्या एकानं दुसऱ्याला अंगठा तोंडाकडं नेऊन दाखवला. त्या खुणेचा अर्थ मला कोणाला विचारावा लागला नाही. मी तिथंच उभी राहून त्याच्या सात पिढ्या काढल्या. किती मोठ्यानं काढल्या ते त्यालाच माहीत.

वही

घरात एक वही आली. ज्याला काही सांगायचं त्यानं वहीत लिहायचं. पहिला महिना मिलिंद पानभर लिहायचा. मग चार ओळी. मग ‘जेवली का’, ‘वीज गेली’, ‘मामा आला होता’. मामा तीन तास बसून गेला होता, खूप काही बोलून गेला होता, त्याचे माझ्या वाट्याला तीन शब्द. मिलिंदची चूक नव्हती. दिवसभर मिलमध्ये राबून आलेला माणूस किती लिहील? पण मी आतून वाळत चालले होते. घरात असून मी कोणाच्याच घरात नव्हते.

आणि माझं जंगल बंद होतं. दरवर्षी उन्हाळा लागला की आम्ही सात-आठ बाया पहाटे मोहफूल वेचायला जातो. झाडाखाली वाकून वेचायचं, आणि घडीघडी एकीनं ‘कूऊऊ’ करायचं, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. एखादीचं उत्तर आलं नाही की सगळ्या उभ्या होतात. कारण आमच्या जंगलात तो आहे. आम्ही बाया जंगलात त्याचं नाव घेत नाही. जनावर म्हणतो. वाकलेला माणूस त्याला माणूस वाटत नाही, म्हणून लहानपणापासून शिकवलेलं असतं, दिसला तर वाकायचं नाही, बसायचं नाही, उभं राहायचं.

वाळत पडण्यापेक्षा जंगलात गेलेलं बरं, म्हणून मी हट्ट धरला. मिलिंदनं वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘नाही’. मी म्हटलं, ‘‘मी काय आता खाटेवरच मरू का?’’ तेव्हा कुंदानं वही ओढून घेतली आणि लिहिलं: ‘मी हाव ना बाईसंगं. हातानं सांगन.’

तो दिवस

चौथा दिवस होता. उजाडलं होतं. मी नाल्याकाठच्या मोहाखाली, कुंदा साठ-सत्तर पावलांवर दुसऱ्या झाडाखाली. दर दोन मुठी फुलं झाली की मी मान वर करून तिच्याकडं बघायची. असंच ठरलं होतं.

मान वर केली तर कुंदा उभी. तोंड उघडं. तिचा उजवा हात पालथा आणि वरखाली, वरखाली.

आता तुम्हीच हात करून बघा. आपण कोणाला दुरून बोलावतो तेव्हा हात पालथा धरून बोटं खाली झटकतो. ये, ये. आणि लेकराला खाली बसवायचं असतं तेव्हाही हात पालथाच धरून खाली दाबतो. बस, बस. जवळून फरक कळतो. साठ पावलांवरून, मधे झाडं असताना, कळत नाही.

कुंदा म्हणत होती, ये. मला दिसलं, बस.

मी बसले. बुंध्याला पाठ लावून, पदर डोक्यावर घेऊन, अंग चोरून. मला वाटलं रानडुक्कर असेल, नाहीतर हत्ती, हल्ली तेही येतात, लपायला सांगतेय. पदरातून बघितलं. वीस पावलांवर बांबूतून तो बाहेर आला होता आणि माझ्याकडं बघत होता.

उठायला पाहिजे हे मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. पण पाय उठेनात. लुगडं ओलं झालं ते मला नंतर कळलं. त्यानं डोकं खाली केलं, खांदे वर आले. मी कुंदाकडं बघितलंच नाही, नजर काढायची हिंमत नव्हती. आणि मग एकदम त्यानं मान बाजूला फिरवली, काहीतरी ऐकलं असावं. मला न ऐकू येणारं काहीतरी त्यानं ऐकलं, आणि तो बांबूत शिरून निघून गेला.

बाया आल्या. कोणी उचललं, कोणी पाणी पाजलं. शेवंताबाई, आमच्यातली सगळ्यात म्हातारी, माझा चेहरा दोन्ही हातांत धरून किती वेळ काहीतरी बोलत होती. काय बोलत होती, देव जाणे. संध्याकाळी मिलिंदनं वहीत लिहिलं: ‘कुंदानं आरडाओरड करून, दगड मारून हाकलला. नशीब. आता जंगल बंद म्हणजे बंद.’ कुंदा आठ दिवस तापानं पडली होती. मी तिच्या उशाशी बसून तिचे पाय चेपले. जीव वाचवला होता तिनं माझा.

खडू

आजारात मी अर्धी झाले होते, ब्लाऊज सगळे ढगळ झाले होते. ते मूलला रफीकभाईंकडं टाकायला गेले. हे लेडीज टेलर. जन्मापासून बहिरे. सगळा बाजार त्यांना मुका टेलर म्हणतो. पंधरा वर्षं मीही म्हणत होते, आणि त्यांच्यासमोर ‘मुक्या, नीट शिव बरं’ म्हणून हसतही होते. लाज वाटते, पण लिहिते.

त्या दिवशी ते मोबाईल टेकवून पडद्यावरच्या कोणाशी तरी हातानं बोलत होते. हात असे चालले होते, भुवया वर, गाल फुगलेले, मधेच दोघंही खोखो हसत होते. हा माणूस मुका नव्हता. हा तर माझ्याएवढाच बोलघेवडा होता. मी काउंटरवर हात आपटून म्हटलं, ‘‘मले बी शिकवा!’’

त्यांनी कापड बेतायचा खडू घेतला आणि टेबलावर लिहिलं: ‘आवाज कम.’ त्यांना कसं कळलं? समोरच्या दुकानातली सगळी माणसं वळून बघत होती म्हणून.

मग खडूनं आमचं बोलणं झालं. लिहायचं, फडक्यानं पुसायचं, पुन्हा लिहायचं. त्यांनी सांगितलं, नऊ वर्षांचे होईपर्यंत त्यांना स्वतःला नाव आहे हेच माहीत नव्हतं. घरचे हात धरून ओढत न्यायचे, तेवढंच. नवव्या वर्षी बापानं चंद्रपूरच्या बहिऱ्यांच्या शाळेत घातलं. वर्गात ओठ बघून बोलायला शिकवायचे. भाषा मात्र वसतिगृहात मिळाली, मोठ्या पोरांकडून, जेवणाच्या पंगतीत. ‘पहिला साल मैं सिर्फ पूछता था. ये क्या, वो क्या.’ मी वाचलं आणि ते त्यांना पुसू दिलं नाही. मला तर चाळीस वर्षं बोलून घ्यायला मिळालं होतं.

मी म्हटलं, कधी येऊ? त्यांनी मान हलवली आणि लिहिलं: ‘अकेली सीखके बोलेगी किससे? घर का एक आदमी ला.’

घरचं एक माणूस

मिलिंद नाही म्हणाला. वहीत लिहिलं, ‘लोक हसतील. चौकात हात नाचवत उभा राहू का?’  दुसऱ्या दिवशी त्याचा डबा घेऊन मिलवर गेले. आत धूळ, पट्टे फिरत होते. मिलमध्ये आवाज इतका असतो की कान असणाऱ्यालाही काही ऐकू येत नाही, हे मी विसरलेच होते. मिलिंद वरच्या फळीवर उभा राहून खालच्या हमालाशी हातानं बोलत होता. दोन बोटं, मूठ, तळहात आडवा, संपलं. हमाल हसला, त्यानंही काही खूण केली, मिलिंद हसला. भल्ला मजेत चालला होता दोघांचा कारभार.

माझं डोकं फिरलं. डबा तिथंच आदळला. ‘‘हमालाशी हात चालतो, आन बायकोशी हात चालवायले तुमाले लाज वाटते?’’ मिलच्या आवाजात कोणाला ऐकू गेलं नसेल. त्याला मात्र माझं तोंड वाचता आलं. तो खाली उतरला नाही. त्या दिवशी घरी आला तेव्हा जेवलाही नाही.

माझ्यासोबत कुंदा आली. मी विचारायच्या आधीच तिनं चप्पल घातली होती. तेव्हा मला वाटलं, किती जीव लावते ही पोरगी.

आठवड्यातून दोन दुपारी आम्ही दोघी जायचो. कुंदाला सवय, बोलताना पदर दातात धरायची. रफीकभाईंनी पहिल्याच दिवशी खडूनं लिहिलं: ‘चेहरा बंद तो जबान बंद.’ या भाषेत प्रश्न भुवयांनी विचारतात, कमीजास्त गालानं सांगतात. पदर गेला. पंधरवड्यात कुंदा माझ्यापुढं निघून गेली. मला बोटांची अक्षरं लवकर यायची, तिला माणसांच्या नकला. ती गावातल्या एकेकाला हातानं उभं करायची आणि रफीकभाई हसून हसून कात्री खाली ठेवायचे. त्यांनी आम्हाला नावंही दिली. नाकातल्या चमकीला बोट लावलं की मी. पदर ओढल्याची खूण केली की कुंदा.

एका रविवारी मिलिंद दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही. रफीकभाईंनी स्टूल सरकवलं. बसला. तो अजूनही चुकतो, पाण्याला मीठ म्हणतो, पण चौकात उभा राहून चुकतो.

पुन्हा मोह

वर्ष गेलं. मोह फुलला. मी म्हटलं, जायचं. या वेळी मी भीक मागत नव्हते. बायांना अंगणात बसवलं आणि दहा खुणा शिकवल्या. ये. थांब. माझ्यामागं ये. उभी राह्य. खुणा मोठ्या, दोन्ही हातांच्या, डोक्याच्या वर, दुरून दिसतील अशा. जनावराची खूण दाखवली तशा सगळ्या चिडीचूप. रफीकभाईंनी शिकवली होती, बोटांचे पंजे करून गालावर पट्टे ओढायचे. शेवंताबाईनं माझे हात खाली दाबले. कुंदानं हातानं सांगितलं, ‘म्हणते, हातानं नाव घेतलं तरी नाव घेतलंच ना.’ म्हणून त्याला खूण नाही. दोन्ही हात वर म्हणजे उठ आणि माझ्याकडं ये, कारण विचारू नको.

 दोन मुठी फुलं, मान वर, कुंदा आहे. दोन मुठी, मान वर, आहे. पान हललं तरी मी उठून उभी राहायची. कोणी आलं नाही. नवव्या दिवशी टोपल्या भरल्यावर बाया नाल्यावर पाणी प्यायला गेल्या, आम्ही दोघी झाडाखाली राहिलो. कुंदा समोर येऊन बसली. 

मग तिनं सांगितलं. ‘मी दगड नाई मारला.’

मी म्हटलं, काय?

‘त्या दिवशी. मी हात केला. तू बसली. मी पाह्यलं तू बसली. आन मी पळाली. मांगं पाह्यलंच नाई. शेवंताबाई धावत आली, तिनं डबा वाजवला. घरी मी खोटं सांगतलं. शेवंताबाईले म्हटलं, सांगू नको.’

तिच्या चेहऱ्यावर सगळं होतं, पदर कुठंच नव्हता. शेवंताबाई माझा चेहरा हातांत धरून काय बोलत होती, ते वर्षभर मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी जिचे पाय चेपले ती पळाली होती. असा संताप आला की टोपली लाथेनं उडवावी. मी विचारलं, ‘वर्षभर काऊन नाई सांगतलं?’

ती म्हणाली, ‘कशी सांगू? वहीत लिहिलं असतं तर कागद राह्यला असता. भाऊजींनी वाचला असता. हातानं बोलाले शिकली, तवा हिंमत नाई झाली.’

मी टोपली उचलून चालायला लागले. घरी येईपर्यंत तिच्याकडं बघितलं नाही. तीन दिवस तिच्यासमोर हात उचलला नाही. ती काही सांगायला आली की मी डोळे मिटून घ्यायची. आमच्या भाषेत कोणाचं तोंड बंद करायचं असेल तर एवढं पुरतं. तीन दिवस मी एकटीच तिच्याशी भांडत होते. आणि प्रत्येक वेळी भांडण एकाच जागी येऊन अडायचं, ती तिथं उभी, मी इथं बसलेली, आणि तिच्या जागी मी असते तर?

चौथ्या दिवशी ती चुलीजवळ भाकरी टाकत होती. मिलिंद आमच्याकडं पाठ करून जेवत होता. तोंडानं बोलले असते तर त्यानं ऐकलं असतं. मी कुंदासमोर जाऊन बसले, चमकीला बोट लावलं, आणि हातानं म्हटलं, ‘मी असती तर मी बी पळाली असती.’

तिनं तव्यावरचा हात काढला. भुवया वर केल्या. ‘खरं?’

मी मिलिंदच्या पाठीकडं बघितलं, मग तिच्याकडं, आणि खरं तेच सांगितलं. ‘माहीत नाई.’